मानाचा हौद

पेपर मिलमध्ये रद्दीवर पाय द्यावाच लागतो. गठ्ठे सोडले की दोन गडी पल्परच्या ओट्यावर चढतात आणि ढिगावर उभे राहून वर्तमानपत्रं लाथांनी खाली लोटतात. खाली पल्पर म्हणजे एक अवाढव्य मिक्सर. कॉस्टिक सोडा आणि साबणाच्या गरम पाण्यात तो कागद गरगरा फिरवतो, आणि लोकांनी चहासोबत वाचलेल्या बातम्यांचा घडीभरात राखाडी लगदा होतो. बातम्यांचं कुणाला काही वाटत नाही. पण वर्तमानपत्रात नुसत्या बातम्या नसतात. उर्दू पेपरात वरच्या कोपऱ्यात कुराणातली आयत असते, मराठी पेपरात गणपतीच्या दिवसांत पानभर गणपती असतो, चंपाषष्ठीला खंडोबा असतो. त्यांच्यावर लाथ कोण मारणार?

औरंगाबादजवळ वाळूजच्या बाजूला आमची मिल नवी उघडली, तेव्हा याच गोष्टीवरून पहिल्याच महिन्यात काम बंद पडलं होतं. आधी मुसलमान गडी ओट्यावरून खाली उतरले, आणि त्यांचं पाहून हिंदू गडीही उतरले. मालक शहाणा माणूस होता. ब्लीच हाऊसच्या मागे एक जुना सिमेंटचा हौद रिकामा पडला होता, तो त्याने कामगारांना देऊन टाकला. देवाचं नाव किंवा रूप असलेले कागद बायकांनी छाटणीतच बाजूला काढायचे, दर गुरुवारी ते त्या हौदात भिजवायचे, हातांनी चोळून शाई काढायची आणि मगच तो लगदा पुढे पाठवायचा. शाईचं काळं पाणीसुद्धा गटारात सोडायचं नाही, लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला होता त्यात सोडायचं. त्याला सगळे मानाचा हौद म्हणायचे. नाव धुऊन गेलं की मागे राहतो तो कागद, त्याला मग कुणी तुडवो.

मी छाटणीत होते. मी फहमिदा, ब्लीच हाऊसचे मुकादम नूरमोहम्मद यांची मुलगी. लग्न मोडून माहेरी छावणीत परत आले, तेव्हा अब्बांनीच मला या कामाला लावलं. शाळा मराठी, घर उर्दू, त्यामुळे मला दोन्ही लिप्या वाचता येत, आणि छाटणीत याचा उपयोग होता. माझ्या शेजारी सारजाबाई बसायची. ती सोयगावकडची, धनगराची. तिच्या सासऱ्याची मेंढरं रोगाने गेली आणि ती नवऱ्याबरोबर शहरात आली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण देव ती चित्रावरून ओळखायची. एकदा हनुमान सिमेंटची गोणी उचलून उडतो आहे अशी जाहिरात निघाली. मी म्हटलं, ही जाहिरात आहे, टाक पल्परला.

"गोनी असू दे नायतर डोंगर असू दे," सारजा म्हणाली, "हनुमंत त्यो हनुमंत. मानाला ठेव."

ठेवली. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

तिचा नवरा मल्हारी अब्बांच्या हाताखाली ब्लीच हाऊसमध्ये होता. पल्परमधून निघालेल्या लगद्याची शाई फेसावर येऊन निघून जाते, तरी लगदा मळकटच राहतो. मग त्याला हायपो लागतं. हायपो म्हणजे ब्लीचिंगचं पाणी, कागद पांढरा करणारं. त्यात तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, पडलं की विषारी वायू सुटतो. हे ब्लीच हाऊसच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मल्हारीला ते तोंडपाठ होतं. नवीन माणूस आला की तोच त्याला भिंतीसमोर उभं करून वाचून दाखवायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे लोक त्याच्याबद्दल काय काय बोलले, तेव्हा हे कुणालाच आठवलं नाही.

मानाच्या हौदाचं काम अब्बा आणि मल्हारी मिळून करायचे. आमचं पाणी बोअरचं, जड. हौदाच्या तळाला चुन्याचा पांढरा थर धरायचा आणि त्यात शाई बसून तो काळा पडायचा. मल्हारीला ते खपायचं नाही. दर गुरुवारी तो आधी मशीनकडून तेजाबाचा कॅन आणायचा, हौदात ओतायचा, खराट्याने तळ घासायचा, आणि पाण्याने धुऊन मगच नवं पाणी सोडायचा. तिथे जाताना चप्पल बाहेर काढायचा. अब्बा त्याला चिडवायचे, "क्या रे मल्हारी, नमाज पढनेकू आया क्या?" आणि तो म्हणायचा, "चाचा, तुमचा बी देव हितंच न्हातो ना?"

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी ब्लीचिंगच्या टॉवरचा व्हॉल्व्ह तुटला. ही गोष्ट मला नंतर अब्बांकडून कळली, पण सांगताना क्रमाने सांगितलेली बरी. संध्याकाळची पाळी होती. टॉवरखाली हायपो गळायला लागलं. उत्पादन बघणारे तात्यासाहेब धावत आले. टॉवर रिकामा केल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलता येत नव्हता, आणि टॉवरमधलं हायपो ठेवायला दुसरी टाकी नव्हती. तात्यासाहेबांनी मागे बोट दाखवलं.

"त्या हौदात घ्या."

"साहेब, वो मान का हौद है," अब्बा म्हणाले.

"हौद मिलचा आहे, नूरमोहम्मद. एका रात्रीचा प्रश्न आहे. देव काही पळून जात नाहीत."

पंप अब्बांनीच चालवला. बाकीचे गडी तोवर मशीनकडे अडकले होते, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. बरंचसं हायपो रात्री उशिरा बाहेरून आलेल्या टँकरमध्ये काढलं, तळाशी राहिलं ते राहिलं. आणि इथे माझ्या बापाने जे केलं ते माझ्या बापासारखाच माणूस करू शकतो. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांना भीती हायपोची नव्हती. त्यांना वाटलं, मानाच्या हौदात ब्लीचचं घाण पाणी सोडलं हे कळलं तर सकाळी छाटणीतल्या बायका उठतील, गडी उठतील, एकमेकांना विचारतील की कुणाच्या हाताने झालं. अब्बांना भांडण सोसत नाही. आयुष्यभर ते म्हणत आले, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी ठरवलं की सकाळी आपण स्वतः जाऊन उरलेलं पाणी काढायचं, हौद तीन वेळा धुवायचा आणि विषय तिथेच मिटवायचा. मल्हारी हौदाकडे नेहमी जेवणाच्या सुट्टीनंतर जायचा. तोवर भरपूर वेळ होता.

सकाळी ते मिलमध्ये गेले तर फाटकावरच तात्यासाहेबांनी त्यांना धरलं. वेल्डर आला होता, टॉवरपाशी मुकादम हवा होता. अब्बा दोनदा म्हणाले, हौदाकडे जाऊन येतो. तात्यासाहेब दोनदा म्हणाले, आधी हे. का जायचं आहे ते अब्बांनी तेव्हाही सांगितलं नाही, कारण भोवती माणसं होती.

आणि मल्हारीला त्या दिवशी दुपारची गाडी धरायची होती. सोयगावला त्याच्या आईने, राजाबाईने, बिरोबाच्या नावाने जेवण घातलं होतं. सारजा अर्ध्या दिवसानंतर निघणार होती, तोही निघणार होता. मानाचं काम तसंच टाकून जाणं त्याला बरं वाटेना. म्हणून तो सकाळीच तेजाबाचा कॅन घेऊन मागे गेला, चप्पल काढली, आणि हौदाच्या कठड्यावर उभा राहिला. तळाशी पाणी होतं. मागच्या आठवड्याचं धुण्याचं पाणी कधी कधी तळाशी राहायचं, साबणाचं, पिवळट. लोक म्हणाले, त्याला वास कसा आला नाही? ज्यांनी ब्लीच हाऊसमध्ये एक दिवस काढलेला नाही तेच हे विचारतात. तिथल्या माणसाच्या कपड्यांना, केसांना, भाकरीला हायपोचा वास असतो. माझ्या अब्बांना घरात करपलेलं दूध कळत नाही. त्यांची नाकं केव्हाच मेलेली असतात.

त्याने कॅन ओतला आणि खराटा घेऊन वाकला.

आम्हाला छाटणीत आधी खोकला ऐकू आला. मग कुणीतरी ओरडलं. मी आणि सारजा धावलो तेव्हा हौदावर हिरवट पिवळा धूर बसला होता, वर उठत नव्हता, तिथेच बसून होता. अब्बा ओला रुमाल तोंडाला बांधून आत उतरले होते. त्यांनी आत कोसळलेल्या मल्हारीला कठड्यावर ढकललं आणि आम्ही ओढून घेतलं. त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. सारजा त्याचं तोंड पदराने पुसत होती आणि म्हणत होती, "आवो, शास घ्या, शास घ्या ना." तेवढंच त्याला जमत नव्हतं.

मिलच्या जीपमधून त्याला घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. नळ्या लावल्या, ऑक्सिजन लावला. दुपारी तो थोडा शुद्धीवर आला. सारजा उशाशी होती, मी पायाशी. त्याने नळी बाजूला करायचा प्रयत्न केला आणि एकच गोष्ट सांगितली.

"पानी व्हतं गं. मला वाटलं, पानी हाय."

संध्याकाळी तो गेला. त्याच्या छातीतून शेवटी जो आवाज येत होता तो मी लिहिणार नाही. मी तो ऐकला आहे आणि मला तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

माती सोयगावला झाली. सारजा परत आली ती तिसऱ्या दिवशी, नवऱ्याचे मिलमधले कपडे न्यायला. तोवर मिलमध्ये एक गोष्ट तयार झाली होती. तात्यासाहेबांनी सूचनाफलकावर कागद लावला होता. एका कामगाराने विनापरवानगी, खासगी धार्मिक कामासाठी तेजाब वापरलं आणि स्वतःच्या हलगर्जीपणाने अपघात ओढवून घेतला. हौदात हायपो कुठून आलं याचा त्या कागदावर शब्द नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाला मेल्यावर फाशी दिली. आणि कॅन्टीनमध्ये लोकांनी त्या कागदाला मीठमसाला लावला. मेंढरं राखणारा माणूस, त्याला तेजाब काय नि पाणी काय, असं कुणीतरी म्हणालं, आणि दुसरं कुणीतरी हसलं. सारजा दारात उभी होती.

ती छाटणीत माझ्याजवळ येऊन बसली. रडत नव्हती.

"फमी, त्या कागदावर काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. खोटं वाचून दाखवायचं माझ्या मनात आलं होतं, पण तिच्या डोळ्यांकडे बघून धीर झाला नाही.

"म्हंजी त्यो येडा व्हता म्हनून मेला," ती म्हणाली. "माझी पोरगी शाळंत जाती. उद्या तिला कुनी म्हनंल, तुजा बाप येडा व्हता. फमी, मला दुसरं कायबी नको. ह्ये तेवढं पुसून दे. तुज्या अब्बांला इचार, त्यांच्याच हाताखाली व्हता त्यो. त्यांला म्हाईत आसंल पानी कुनी घान केलं."

मी घरी गेले आणि विचारलं. अब्बा त्या दिवसापासून जेवत नव्हते, खोकत होते, भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यांनी मला सगळं सांगितलं. पंप, हौद, तात्यासाहेब, झाकली मूठ. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला त्यांचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन हातातली परात जमिनीवर आपटली. मग त्यांचा खोकला ऐकला आणि तीच परात उचलून कणीक मळायला बसले. बाप होता ना तो माझा.

रविवारी तात्यासाहेब स्कूटरवरून आमच्या घरी छावणीत आले. एवढा मोठा माणूस आमच्या खाटेवर बसला, चहा प्यायला. मी पडद्याआड होते.

"उद्या कारखान्याचे निरीक्षक येणार आहेत," ते म्हणाले. "तुम्ही एवढंच म्हणा की हौदात काय होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"पंप मैंच चलाया, साहेब."

"म्हणूनच सांगतो. मी सांगितलं म्हणालात तर मी नाही म्हणेन. कागद नाही, साक्षीदार नाही. मग उरेल काय? पंप तुम्ही चालवला, तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही त्या पोराला सांगितलं नाही. आत कोण जाईल? तुम्ही म्हातारे, घरात ही मुलगी. मेलेला माणूस काही तक्रार करत नाही, नूरमोहम्मद."

ते खोटं बोलत नव्हते, हीच चीड आणणारी गोष्ट होती. ते गेल्यावर मी पडद्याबाहेर आले.

"अब्बा, तुम क्या बोलनेवाले?"

"क्या बोलूं बेटा?"

"सारजा मेरेकू पूछी. उसका आदमी पागल था क्या, इतनाच पूछी."

"मैं अंदर गया तो तू क्या खाएंगी?"

"छाटणी करती ना मैं. रद्दी कुछ बंद नहीं होती."

रात्री ते जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, इतका वेळ बसले की मी त्यांची वाट बघता बघता भिंतीला टेकून झोपले.

सोमवारी मिलच्या ऑफिसात चौकशी झाली. बारीकसे, चष्मा लावलेले निरीक्षक टेबलामागे, बाजूला तात्यासाहेब, आणि भिंतीला लागून आम्ही सगळे. सारजा दाराच्या आत, जमिनीवर बसलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिला बाहेर जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. निरीक्षकांनी अब्बांना विचारलं, हौदात हायपो आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

अब्बा मराठीत बोलले. ऑफिसात ते नेहमी मराठीत बोलायचे, सावकाश, शब्द निवडून.

"माहीत होतं साहेब. टॉवर गळत होता. तात्यासाहेबांनी सांगितलं, हौदात घ्या. पंप मी चालवला."

"मी असं काहीही सांगितलेलं नाही," तात्यासाहेब म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही.

"मल्हारीला तुम्ही सांगितलं होतं?" निरीक्षकांनी विचारलं.

"नाही साहेब. कुणालाच नाही. त्याची काही चूक नाही. तेजाबाचं काम त्याच्याइतकं नीट कुणाला येत नव्हतं. दर गुरुवारी तो तेच करायचा, आणि दर गुरुवारी हौदात साधंच पाणी असायचं. त्याला पाणी वाटलं, कारण तिथं पाणीच असायला पाहिजे होतं."

निरीक्षकांनी ते लिहून घेतलं. अब्बांनी त्यांना दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि मृत कामगाराचा दोष दिसत नाही हे वाक्य आलं तेव्हाच सही केली. उर्दूत. मग निरीक्षकांनी पुढचं वाचलं. मुकादमाचा हलगर्जीपणा, पोलिसांकडे पाठवावं. तात्यासाहेबांच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, आरोप अमान्य, पुरावा नाही. फलकावरचा कागद त्याच दुपारी उतरला. अब्बांना कामावरून काढल्याचा कागद त्याच खिळ्याला लागला.

आम्ही बाहेर पडलो. सारजा पायऱ्यांवर उभी होती, काखेत मल्हारीच्या कपड्यांचं गाठोडं. अब्बा तिच्यापुढे गेले. एवढा ताठ माणूस, त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बेटी, मी चुकलो."

सारजाने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती अंगावर धावून जाईल, किंवा पाया पडेल. तिचं काही सांगता येत नव्हतं.

"तुमी आज बोललात ते लई बरं केलंत, चाचा," ती म्हणाली. "आता त्याला येडा कुनी म्हननार नाय. म्या पोरीला सांगीन, चाचा खरं बोलले म्हनून." मग तिचा आवाज फुटला. "पन ह्येच बुधवारी का नाय बोललात? एक हाक मारायची व्हती. मल्हारी, तिकडं जाऊ नगं. एवढंच."

"मला वाटलं, मानाच्या हौदाचं कळलं तर तुम्ही सगळे भांडाल," अब्बा म्हणाले. "मिलमध्ये तमाशा होईल. हिंदू काय म्हणतील, मुसलमान काय म्हणतील. तुमचं माझं वाकडं येईल."

"व्हय, भांडलो आसतो," सारजा म्हणाली. "म्या तर तुमच्या मुस्काटात मारली आसती. आनि भांडून झालं आसतं चाचा, तवा सांजच्याला समदे आपापल्या घरी गेलो आसतो."

तिने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. अब्बांचे हात अजून जोडलेलेच होते. मी ते खाली घेतले.